गावठाणाला लागून प्लॉटिंग येतंय: ग्रामसभेच्या ठरावात काय लिहावं आणि काय लिहू नये

प्रश्न थोडक्यात असा. मिरज तालुक्यातलं कृष्णाकाठचं जुनं गाव. दगडी घाट, महादेवाचं देऊळ, सात-आठ वाडे, गावाबाहेर हळद साठवायची जमिनीखालची, आता बुजत चाललेली पेवं. गावठाणाला लागून असलेल्या साडेतीन एकरांवर प्लॉटिंगचा प्रस्ताव आलाय. विचारणाऱ्या ताई ग्रामपंचायत सदस्य आहेत. त्या लिहितात, "ग्रामसभेत एकमतानं ठराव केला तर हे नाकारता येईल ना? आणि गावाचं जुनेपण राखायला कायद्यात काही सोय आहे का?"

ताई, पहिल्याचं उत्तर "नाही". दुसऱ्याचं "आहे", पण तुम्ही शोधताय तिथं नाही.

ठरावापासून सुरुवात करू, कारण गावोगावी त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ग्रामसभेचा नकार बंधनकारक ठरतो तो पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रात, तेही ठरावीक विषयांपुरता. सांगली जिल्ह्यात पेसा नाही. तुमच्याकडे गावठाणाबाहेरच्या जमिनीवर रेखांकनाची (लेआउटची) परवानगी द्यायची की नाही, हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १८ खाली जिल्हाधिकारी ठरवतात. तांत्रिक अभिप्राय नगररचना विभागाच्या सहायक संचालकांचा असतो. ग्रामपंचायतीचं पत्र त्या फाईलमध्ये लागतं, वाचलंही जातं. पण "गावाचा विरोध आहे, गावाचं गावपण जाईल" एवढंच त्यात असेल तर टेबलावर बसलेल्या माणसाला त्याचं काहीच करता येत नाही. परवानगी ही मेहेरबानी नाही. जागा नियमात बसत असेल तर ती द्यावीच लागते. कोणा अधिकाऱ्यानं गावाची बाजू घेऊन नाकारलीच, तर अर्जदार कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करतो आणि नियमाचा आधार नसलेला नकार तिथं टिकत नाही. आणखी एक बोचणारी गोष्ट सांगतो: हे अपील फक्त अर्जदाराला आहे. शेजाऱ्याला किंवा गावाला परवानगीविरुद्ध कलम ४७ मध्ये जागाच नाही. तुम्हाला थेट उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यानं मुंबईच्या खेपा तरी वाचल्या. पण वकिलाची फी वाचत नाही आणि कोर्टही आधी हेच विचारतं की नेमका कोणता नियम मोडलाय.

म्हणून विरोधाचा ठराव बाजूला ठेवा आणि हरकतींचा ठराव करा. दोन्हींत मोठा फरक आहे.

त्याआधी जमिनीची कुंडली काढा. गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. जमीन प्रादेशिक योजनेत रहिवास विभागात आहे की शेती विभागात, हे कळल्याशिवाय पुढची सगळी चर्चा हवेत आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन योजनेच्या विकासयोग्य विभागात येत असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ ड प्रमाणे ती बिनशेती झाल्याचंच मानलं जातं. अशा वेळी "एनए कसं झालं" म्हणून तहसीलवर मोर्चा नेण्यात दिवस घालवू नका. शेती विभाग असेल तर मात्र गावठाणालगत म्हणून मिळणाऱ्या सवलती नेमक्या कोणत्या अटींवर दिल्या आहेत, ते फाईलमध्येच बघा. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "सर्व कागदपत्रे द्यावीत" असं मोघम लिहू नका. स्थळपाहणी अहवाल, जलसंपदा विभागाचं पत्र, मोजणी नकाशा आणि प्रस्तावित रेखांकन अशी नावं घेऊन मागा.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या गावात सगळ्यात जड मुद्दा वाड्यांचा नाही, पाण्याचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ आणि २०२१ तुम्हाला सांगायला नकोत. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, पूररेषांचा नियम अगदी स्पष्ट आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथं नवीन घरं नाहीत. निळी ते लाल यांच्यामध्ये बांधता येतं, पण जोत्याची (प्लिंथची) पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी.

हा नियम कागदावर शहाणा आहे. जमिनीवर त्याचं काय होतं ते बघा. प्लॉट पाडणारा माणूस जोतं उंच करायच्या भानगडीत पडत नाही. तो मुरमाचे डंपर लावतो आणि अख्खं शिवार वर उचलतो, कारण भरलेली जमीन गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसते. नियम जोतं उंच मागतो, सगळा प्लॉट भरायला सांगत नाही. हे वाक्य ठरावात जसंच्या तसं लिहा. साडेतीन एकर म्हणजे साधारण १४,१६० चौरस मीटर. त्यावर सरासरी दीड मीटर भराव पडला तर एकवीस हजार घनमीटर पाण्याची जागा गेली. तुम्हाला कोणी म्हणेल, कृष्णेच्या महापुरात एवढ्यानं काय होतंय? खरंय, नदीची पातळी त्यानं बोटभरही वाढणार नाही. पण आपल्याकडे पूर नदीवरून चालत येत नाही, आधी ओढ्यानं येतो. नदी फुगली की ओढ्याचं पाणी मागं सरकतं, गावच्या खालच्या आळीत घुसतं, आणि नदी उतरल्यावर ते ज्या उतारानं निघून जायचं तो उतारच भरावानं बंद झालेला असतो. मग तुमच्या वाड्यांच्या मातीच्या भिंती चार दिवसांऐवजी बारा दिवस पाण्यात राहतात. पांढऱ्या मातीच्या, कच्च्या विटांसारख्या भेंड्यांची भिंत चार दिवस सोसते, बारा दिवस नाही. पुरात गेलेले वाडे कोणी पाडले नाहीत, ते असे बसले. म्हणजे घाट आणि वाडे वाचवायचा रस्ता भरावाच्या अटीतून जातो, हेरिटेजच्या भाषणातून नाही.

त्यामुळे प्रस्तावित नकाशा हातात आला की पहिल्यांदा ओढा शोधा. गाव नकाशात ओढा नागमोडी असतो. रेखांकनात तो प्लॉटच्या कडेनं पट्टीनं मारल्यासारखा सरळ होऊन येतो, आणि कधी "गटर" एवढाच शब्द उरतो. गाव नकाशा, मोजणी नकाशा आणि रेखांकन हे तिन्ही एकमेकांवर ठेवा. खिडकीच्या काचेवर धरलं तरी चालतं, प्रमाण फक्त एक करून घ्या. पाणंदीचंही तेच. घाटाकडे जाणारी जुनी पाणंद बहुतेक वेळा नव्या वसाहतीचा "पोहोच रस्ता" म्हणून दाखवलेली असते. पाणंद सार्वजनिक आहे, ती वापरायला हरकत नाही. पण देवळाच्या कट्ट्यापासून दहा फुटांवरून डंपर जाणार असतील तर दुसऱ्या बाजूनं रस्ता मागणं ही पूर्णपणे नियमातली मागणी आहे.

आता पेवं. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, खाली वीस-पंचवीस फूट खोल आणि पोटात रुंद होत गेलेला खड्डा. आत पाला-पाचोळ्याचं अस्तर, मग हळद, वर मातीनं तोंड बंद. हळद आत वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. उघडल्यावर लगेच कोणी उतरायचं नाही. आत हवा कोंडलेली असते, म्हणून आधी कंदील सोडून बघायचे. सांगलीच्या हळदीचा बाजार वाढला त्यात हरिपूरच्या पेवांचा हात मोठा. याच हरिपुरात कृष्णा आणि वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे, नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच, जन्म १८५५ चा. २००५ च्या पुरात तिथल्या पेवांत पाणी शिरलं, हळद गेली आणि बरीचशी पेवं कायमची बंद झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती जिथं साठवली जायची त्या जागांची नोंद सातबाऱ्यावर नाही, मोजणीत नाही, कुठंच नाही.

जुनेपणाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नियोजनाच्या दृष्टीनं ही साधी गोष्ट नाही. वरवर बुजवलेलं पेव म्हणजे जमिनीखालची पोकळी. त्यावर जोतं आलं तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात एक कोपरा खचतो. गिऱ्हाईक गवंड्याला शिव्या देतं, गवंडी सिमेंटला. हा धोका तुमच्या हातात दिलेलं सगळ्यात धारदार हत्यार आहे. रेखांकनाच्या नकाशावर जागेवरच्या विहिरी, झाडं, ओढे, वीजवाहिन्या दाखवाव्याच लागतात. पेव हे त्याच रांगेतलं, आणि ते दाखवल्याशिवाय प्रस्ताव अपुरा आहे असं म्हणा. गावातल्या ज्यांनी हमाली केली आहे, पेवं भरली-उपसली आहेत, अशा जाणत्या माणसांना शेतात न्या, त्यांनी दाखवलेल्या जागी खुंट्या ठोका, प्रत्येक खुंटीचं अंतर बांधापासून टेपनं मोजा आणि एक कच्चा नकाशा करून तलाठ्यांच्या उपस्थितीत पंचनामा करून घ्या. हा एक कागद दहा भाषणांना भारी पडतो.

मग पुढची मागणी सोपी होते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तुमच्या साडेतीन एकरांत ती साधारण १४ गुंठे येते. नकाशात ही जागा नेहमी कुठं असते माहीत आहे? जिथं प्लॉट विकला जात नाही तिथं. ओढ्याच्या काठची तिरकी फाळकी, विजेच्या तारेखालची पट्टी. तुम्ही म्हणा की चांगल्या पेवांचा जो पुंजका आहे आणि चिंचेची जी जुनी झाडं आहेत ती सगळी खुल्या जागेत घ्या. (चिंच तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, हेही जाता जाता लिहून टाका.) प्लॉट पाडणाऱ्याचं यात एक गुंठाही जास्त जात नाही, त्यामुळे तो बहुधा मानतो. मात्र एक चलाखी ओळखून ठेवा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ०.४ हेक्टरच्या किंचित वर. म्हणून साडेतीन एकरांचा एकच प्रस्ताव न येता भावकीच्या नावांवर ३९ गुंठ्यांपर्यंतचे चार प्रस्ताव आले, तर खुली जागा मागायचा आधारच निसटतो. फेरफार बघत राहा. अलीकडची वाटणीपत्रं आणि त्यांच्या तारखा हरकतीत मांडा.

हेरिटेजबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. १०० मीटर बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांना आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. तुमचा घाट आणि देऊळ दोन्ही याद्यांत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा तो आकडा ठरावात घालू नका, चुकीचा एक मुद्दा बरोबरच्या पाच मुद्द्यांना खाली ओढतो. तुमच्या कामाची तरतूद यूडीसीपीआरमध्येच आहे. वारसा इमारती आणि वारसा परिसर यांची श्रेणीवार यादी करता येते, तीत घाट, झाडं, नैसर्गिक स्थळंही बसतात, हरकती-सूचना मागवून ती मंजूर होते. यादीत नाव आलं की पाडणं आणि दर्शनी बाजू बदलणं यांवर वारसा समितीचं मत घ्यावं लागतं. याला वेळ लागतो, दोन-तीन वर्षं सहज जातात, त्यामुळे आत्ताच्या प्लॉटिंगसाठी त्याचा उपयोग शून्य. तरीही प्रस्ताव आजच पाठवा. सोबत स्वामित्व योजनेत ड्रोननं झालेल्या गावठाण मोजणीचा नकाशा जोडा, त्यावर वाडे रंगवून दाखवता येतात.

खरं सांगायचं तर मला तुमच्या साडेतीन एकरांपेक्षा गावठाणाच्या आतली जास्त काळजी वाटते. तिथं कोणी ठराव करत नाही, कारण तिथं बिल्डर नसतो, आपलाच चुलत भाऊ असतो. ग्रामीण भागात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला आता वेगळी परवानगी लागत नाही. मालकीचे कागद, नकाशा, वास्तुविशारद किंवा अभियंत्याचा दाखला आणि शुल्क ग्रामपंचायतीत भरलं की झालं. ३०० चौरस मीटरपर्यंत ग्रामपंचायतच परवानगी देते, नगररचनाकडे जायची गरज नाही. सामान्य माणसाच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं, पूर्वी दोन खोल्यांसाठी तालुक्याला चपला झिजायच्या. पण याचा अर्थ वाडा उतरवून तीन भावांची तीन स्लॅबची घरं उभी राहतात तेव्हा त्या कागदावर सही-शिक्का तुमच्याच ग्रामपंचायतीचा असतो.

त्यात एक बारीक गोम आहे. दाट वस्तीतली अरुंद बोळं पुढंमागं साडेचार मीटर व्हावीत म्हणून नवं घर बोळाच्या मध्यापासून सव्वादोन मीटर मागं घ्यावं लागतं. आग लागली, रुग्णवाहिका आणायची झाली तर रस्ता हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण आळीत पाच वाडे एका ओळीत उभे आहेत, ओट्याला ओटा लागून, आणि मधला एक मागं सरकला की त्या जागेत आधी मोटारसायकली येतात, मग पत्र्याची शेड. उरलेल्या चारांची आधाराची भिंत उघडी पडते आणि पावसाचा मारा खाते. वारसा परिसराच्या यादीत ती आळी घातली तर या मागं सरकण्यातून सूट मागायला आधार मिळतो. एकट्या वाड्याची नोंद करून उपयोग नाही, आळीची करा. वाड्याच्या मालकाला मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो वगैरे कोणी सांगेल. तो पुण्यात विकला जातो, तुमच्या गावात त्याला गिऱ्हाईक नाही. मालकाला घरपट्टीत सवलत, दुरुस्तीला सागवानाचा जुना वासा आणि तो बसवणारा सुतार, एवढं गावानं मिळवून दिलं तर तो पाडायचं दोन वर्षं लांबवतो. अनुभव असा की दोन वर्षं लांबलं की बरेचदा पाडतच नाही.

एक गोष्ट कटू वाटेल. तुमच्या ग्रामसभेत कोणीतरी तरुण उठून विचारणारच, "आमच्या पोराबाळांनी राहायचं कुठं?" त्याला गप्प बसवू नका. गावठाणाच्या हद्दी कित्येक दशकं हललेल्या नाहीत, एका घरात चार चुली झाल्यात. घरकुल मंजूर होतं आणि जागा नसल्यानं परत जातं. प्लॉटिंगमधले प्लॉट सांगलीचे नोकरदार घेतात, गावातला भूमिहीन घेत नाही, त्यामुळे प्लॉटिंगला विरोध करून त्याचा प्रश्न सुटत नाही आणि पाठिंबा देऊनही सुटत नाही. त्याच ग्रामसभेत दुसरा ठराव करा: पूररेषेबाहेरची गायरान किंवा सरकारी जागा दाखवून जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाण विस्ताराची मागणी. गायरानावर कोर्टांचे निर्बंध आहेत, सहजासहजी मिळणार नाही. पण हा ठराव सोबत असला की जिल्हाधिकारी कार्यालयात तुमच्याकडे "नुसता विरोध करणारं गाव" म्हणून कोणी बघत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी ते. तरी मोठ्या संख्येनं जमा, हजेरीपट नीट ठेवा, आणि आधीची महिला सभा कागदोपत्री उरकू नका. पाणी कुठवर येतं हे घर आवरणाऱ्या बायकांना बरोबर माहीत असतं. कुठल्या वर्षी कुठल्या पायरीपर्यंत, ते त्यांच्याकडून लिहून घ्या आणि जोडा.

प्लॉट पाडणाऱ्याशी बोलावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. जरूर बोला, पण तोंडी काही मान्य करून घेऊ नका. रेखांकनाला आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मग सीमांकन, मग रस्ते-गटारांची कामं आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. तुमच्या अटी तात्पुरत्या मंजुरीच्या आदेशात आल्या पाहिजेत: अख्ख्या जमिनीवर भराव नाही, ओढ्याचा मूळ मार्ग कायम, पेवं खुल्या जागेत, बांधकामाची वाहनं घाटाच्या पाणंदीवरून नाहीत. क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असल्यानं महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणीही लागेल, तो नंबर मागून ठेवा, जाहिरातीत आणि आदेशात खुली जागा एकच दाखवली आहे का ते ताडून बघता येतं. आणि कामं अर्धवट असताना "दिवाबत्ती आणि रस्ते ग्रामपंचायतीनं ताब्यात घ्यावेत" असं पत्र येईल, सोबत पाच-पन्नास प्लॉटधारकांच्या सह्या असतील, निवडणूकही जवळ आलेली असेल. अंतिम मंजुरीचा आदेश आणि खुल्या जागेचा ताबा हातात पडेपर्यंत तो ठराव घेऊ नका. गटाराचा उतार ओढ्याकडे आहे की वाड्यांच्या आळीकडे, हे एखाद्या पावसात उभं राहून बघा आणि मगच सही करा.